फीत कापली, पण किल्ली कोणाकडे? मंडळीच्या नव्या सेवाकार्यांच्या समर्पणाविषयी

मा. संपादक,
स. न.

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी सुरू केलेल्या नव्या सेवाकार्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. कुठे शिवणवर्ग, कुठे अभ्यासिका, कुठे दर शनिवारी चालणारा दवाखाना, कुठे ज्येष्ठांसाठी दुपारचे केंद्र. फोटोत फीत असते, कात्री असते, पाहुणे असतात आणि खाली ओळ असते, ‘प्रकल्प देवाला समर्पित’. वर्षभराने त्याच वस्तीत चौकशी केली की अनेकदा कळते, वर्ग बंद आहे, किल्ली पूर्वीच्या सेक्रेटरींकडे आहे आणि ते आता पुण्याला असतात. मंडळ्यांच्या पंचकमिट्यांत, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समित्यांत, हिशेब, मालमत्ता आणि उपासना यांची कामे आम्ही करतो. म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहोत. जागा मिळाली तर आभारी राहू.

आमचे म्हणणे एकच आहे. समर्पण हे उद्घाटन नव्हे. उद्घाटनाने काम सुरू होते. समर्पणात चालते झालेले काम देवाच्या हाती सोपवायचे असते. त्यामुळे समर्पणाचा दिवस कामाच्या आधी नव्हे, काम सहा ते आठ आठवडे चालल्यानंतर यायला हवा. आपल्याकडे नेमके उलटे होते. बॅनर छापून होतो, पाहुण्यांची तारीख मिळते, आणि मग त्या तारखेला दाखवण्यासाठी मशिनी विकत आणल्या जातात.

पवित्र शास्त्रात क्रम स्पष्ट आहे. गणना या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात मोशेने निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उभा करण्याचे काम संपवले, त्याला व वेदीला अभिषेक केला आणि त्यानंतर इस्राएलाच्या बारा वंशांचे सरदार अर्पणे घेऊन आले. यरुशलेमेच्या मंदिरातही आधी काम समाप्त झाले, मग शलमोनाने लोकांना जमवले. नहेम्याने यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवस कोणाला काही सांगितले नाही. रात्री थोडी माणसे घेऊन तो पडक्या तटाची पाहणी करून आला. तट ५२ दिवसांत पूर्ण झाला आणि समर्पणाची मिरवणूक नहेम्याच्याच नावाच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात येते. त्याच अध्यायातले ४४ वे वचन मंडळ्यांत फारसे वाचले जात नाही. ज्या दिवशी समर्पण झाले, त्याच दिवशी अर्पणे, प्रथमफळे आणि दशमांश ठेवण्याच्या कोठारांवर माणसे नेमली गेली. गाणारे, वाजवणारे आणि कोठार सांभाळणारे, सगळ्यांची सोय एकाच दिवशी झाली. आपल्या कार्यक्रमात पहिले दोन असतात, तिसरा नसतो.

तारीख ठरवताना नाशिकचे हवामान आणि हंगाम पाहिले पाहिजेत. पत्र्याचे शेड किंवा नवा हॉल बांधला असेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा. इगतपुरी, त्र्यंबक, हरसूल या पट्ट्यात छत गळते की नाही ते जुलैतच समजते, एप्रिलमधल्या समर्पणात ते कळत नाही. अभ्यासिका असेल तर शाळा जूनच्या मध्याला उघडतात. महिनाभर पोरे येऊ द्यावीत, कोणत्या इयत्तेची किती टिकतात ते पाहावे आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये समर्पण करावे. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या कुटुंबांसाठी फिरता दवाखाना काढायचा असेल तर तो डिसेंबरात चालू झालेला हवा, कारण द्राक्षाची तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये असते. मे महिन्यात समर्पित केलेला असा दवाखाना पहिले सात महिने रिकामाच उभा राहतो, आणि एवढ्या काळात डॉक्टरांचाही उत्साह मावळतो. अनेक मंडळ्या कापणीच्या सणाला नवे काम अर्पण करतात. दिवस चांगला आहे, कारण मंडळी देण्याच्या मनाने आलेली असते. मात्र त्या दिवशी लिलाव, जेवण आणि पाहुणे यांची इतकी धांदल असते की समर्पणाला दहा मिनिटेही मिळत नाहीत. शक्य असेल तर त्याच्या पुढचा रविवार घ्यावा.

आता शिवणवर्गाकडे जरा जवळून पाहू. मंडळ्यांत सर्वांत जास्त सुरू होणारे आणि सर्वांत लवकर बंद पडणारे काम हेच. सहा मशिनी येतात. पायमशीन असेल तर पहिले दुखणे पट्ट्याचे. चामड्याचा पट्टा वापराने ताणतो, पावसाळी दमट हवेत आणखी सैल पडतो आणि चाक घसरू लागते. उपाय सोपा आहे. पट्टा अर्धा इंच कापून तारेच्या क्लिपने पुन्हा जोडायचा. पण क्लिप, पक्कड आणि हे जमणारी एक बाई वर्गात हवी. दुसरे दुखणे तेलाचे. घरातले खोबरेल किंवा गोडेतेल घातले की काही दिवसांत ते आत चिकट होऊन बसते आणि मशीन जड चालते. मशीनचे पातळ पांढरे तेलच हवे. रोज चालणाऱ्या मशीनला रोज दोन-तीन थेंब घालावेत आणि नंतर चिंधीवर चार टाके मारून जादा तेल काढावे, म्हणजे कापडाला डाग पडत नाहीत. तिसरे दुखणे सुईचे. ब्लाउजच्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६, तलम कापडाला ११. शिकणाऱ्यांच्या हातून सुया मोडतातच. मोडल्या नाहीत तरी बोथट होतात, टाका सुटतो आणि मशीन बिघडली असे सगळ्यांना वाटते. मग ती कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर चादर पडते. तीन मशिनींवर चादर पडली की वर्गाचे दिवस भरले असे समजावे. ही तिन्ही दुखणी शंभर-दोनशे रुपयांची आहेत. काम बंद पडते ते त्या शंभर रुपयांचा अधिकार कोणाकडेच नसल्यामुळे. शिक्षिकेने कमिटीला विचारायचे आणि कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात, असा प्रकार असतो. म्हणून समर्पणाआधीच ठराव करून वर्गाच्या प्रमुखाला महिन्याला ठरावीक रक्कम, उदाहरणार्थ ५०० रुपये, बैठकीविना खर्च करण्याची मुभा द्यावी. पावती मात्र लागेल.

हिशेब मशिनींच्या किमतीवर थांबवून चालत नाही. समजा, शिक्षिकेचे मानधन ८,००० रुपये, दोरा-सुया-तेल-कापड १,५००, वीज ७०० आणि दुरुस्तीसाठी ५००. महिन्याला १०,७०० रुपये झाले. साठ कुटुंबांनी दरमहा शंभर रुपयांचे वचन दिले तर ६,००० येतात. दरमहा ४,७०० रुपयांची खोट कशी भरणार, हे समर्पणाच्या आधी कागदावर यायला हवे. लूकच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने सांगितले ते याचसाठी. आमच्या मते सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे वरच्या उदाहरणात ६४,२०० रुपये, वेगळा ठेवलेला असावा आणि बारा महिन्यांची वचने लेखी हातात असावीत. एवढे जमत नसेल तर चार मशिनी घ्या, आठवड्याला तीन दिवस वर्ग चालवा, पण दिलेला शब्द पाळता येईल एवढेच काम अर्पण करा.

पैशाबाबत ‘२ राजे’ या पुस्तकाचा १२ वा अध्याय प्रत्येक पंचकमिटीने वर्षातून एकदा मोठ्याने वाचावा. योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी येणारा पैसा याजकांकडे सोपवला होता आणि त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नव्हती. चोरी झाली असे तिथे म्हटलेले नाही. पैसा कामासाठी वेगळा काढलाच गेला नाही. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ उजव्या बाजूला ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन मोजत, थैल्यांत बांधत आणि तो सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या हाती जाई. यात तीन गोष्टी आहेत. एका कामाची एक वेगळी पेटी, मोजायला दोन वेगळ्या कार्यालयांची दोन माणसे, आणि पैसा थेट काम करणाऱ्यांपर्यंत. त्याच अध्यायातल्या १५ व्या वचनात कारागिरांकडून हिशेब घेत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत, असे आहे. मंडळीत हिशेबाचा विषय निघाला की हेच वचन पुढे केले जाते. पण १० वे वचन त्याच्या आधी आहे. मोजणी दोघांनी केल्यावरच विश्वासाचा प्रश्न आला. पौलानेही करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, ८ व्या अध्यायात, देणगी पोहोचवायला सोबत माणसे पाठवली आणि या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये म्हणून खबरदारी घेतो असे लिहिले. पौलाने हिशेबाला सोबती मागितले, तर आपल्या खजिनदारांनी त्यात अपमान मानू नये.

कायद्याच्या काही गोष्टी इथे सांगणे भाग आहे, कारण चांगली कामे इथेच अडतात. बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावावर असते आणि तिला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. कोणी जमीन किंवा इमारत दान दिली, विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. समर्पणाची कोनशिला लागते, बदल अर्ज राहून जातो आणि दहा वर्षांनी दात्याची मुले दावा सांगू लागतात. संस्थेची जागा दुसऱ्या संस्थेला चालवायला द्यायची असेल तर बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक भाड्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. विक्रीला तर लागतेच. ‘आपलेच लोक आहेत’ म्हणून साध्या कागदावर दहा वर्षांसाठी दिलेला हॉल पुढे डोकेदुखी होतो.

परदेशातल्या देणगीबाबत गैरसमज फार आहेत. कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळीच्या मुलाने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर त्याची देणगी परकीय देणगी ठरते. त्याने नाताळात घरी आल्यावर रुपयांत दिली तरीही. त्यासाठी संस्थेकडे परकीय देणगी कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि ती रक्कम नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. भारतीय पासपोर्ट कायम असलेला मुलगा दुबईहून स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परकीय देणगी नव्हे. हा फरक अर्पणाच्या थाळीपाशी कोणी विचारत नाही. म्हणून मोठ्या रकमेची पावती फाडताना नागरिकत्व विचारून लिहून घ्यावे. त्यात संकोच वाटायचे कारण नाही.

मुलांसोबतचे काम असेल तर आणखी काटेकोर राहावे. खोलीत नेहमी दोन प्रौढ असावेत, एकटे कोणी नको. दार उघडे किंवा काचेचे असावे. एका शिक्षकामागे पंधराहून अधिक मुले नकोत. आई-वडिलांची लेखी संमती आणि मुलाला न्यायला कोण येणार त्याचे नाव नोंदवहीत हवे. अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आधी कमिटीत चर्चा करू, घरातली गोष्ट घरात मिटवू, असा मार्ग कायद्यात नाही आणि शुभवर्तमानातही नाही. पेठ-सुरगाण्याच्या मुलांना राहायला ठेवायचे असेल तर ते वेगळेच काम आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणारी संस्था २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली नोंदवावी लागते. समर्पणाच्या दिवशी ते प्रमाणपत्र टेबलावर नसेल तर विधी पुढे ढकलावा.

दवाखाना, वाहन आणि जेवण यांचे थोडक्यात सांगतो. औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्यावीत, मुदत संपलेल्या गोळ्या दर महिन्याला वेगळ्या काढाव्यात, आणि दात्यांनी घरून आणलेल्या उरलेल्या पट्ट्या घेऊ नयेत. वाहनाचा विमा, फिटनेस, पीयूसी आणि चालकाचा परवाना यांच्या तारखा एका कागदावर लिहून किल्लीच्या खुंटीशेजारी चिकटवाव्यात. जेवण वाटायचे असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी.

आता प्रत्यक्ष विधी. कॅथॉलिक धर्मग्रामात फादर आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात. चर्चच्या इमारतीचे समर्पण महागुरुस्वामींच्या (बिशपांच्या) हस्ते, वेदीला व भिंतींना पवित्र तेल लावून होते. सेवाकार्यासाठी मात्र साधा आशीर्वाद असतो. उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक साहेब उपासनेत समर्पण करतात. पद्धती निराळ्या असल्या तरी पुढचे सगळ्यांना लागू व्हावे असे आम्हाला वाटते.

विधी रविवारच्या उपासनेतच व्हावा, वेगळा सभामंडप टाकून नको. सगळे मिळून पन्नास मिनिटे पुरतात. सुरुवातीला स्तोत्र १२७ मंडळी आणि पाळक यांनी आळीपाळीने म्हणावे. ‘परमेश्वर जर घर बांधीत नाही’ हे पहिलेच वचन मंडळीच्या तोंडी यावे. मग कामाच्या प्रमुखाने पाच मिनिटांत माहिती द्यावी: काय चालते, कोणत्या वारी, किती वाजता, आत्तापर्यंत किती लोक आले, महिन्याचा खर्च किती, किती जमतो आणि कुठे कमी पडते. कमी पडते ते लपवू नये. त्यानंतर वेदीपुढच्या टेबलावर वस्तू आणाव्यात. पितळी ताटात किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर ‘मुख्य दार’, ‘कपाट’, ‘मीटर पेटी’ असे लिहिलेले. शेजारी सामानाची यादी, हजेरीची वही, पावतीपुस्तक आणि कामातली एखादी वस्तू, म्हणजे शिवणवर्गाची असेल तर वापरून गुळगुळीत झालेली बॉबिन, अभ्यासिकेची असेल तर निम्मा झिजलेला खडू. काम आधीच चालू आहे, देवापुढे रिकामे कपाट आणलेले नाही, हे त्या खडूवरून मंडळीला दिसते.

मग प्रश्नोत्तर. आम्ही सुचवतो तो नमुना असा. पाळक विचारतात, ‘हे काम कोणाचे?’ मंडळी म्हणते, ‘प्रभूचे.’ ‘हे चालवणार कोण?’ ‘आम्ही, त्याच्या कृपेने.’ ‘हे कोणासाठी?’ ‘या वस्तीतल्या प्रत्येकासाठी, जात, धर्म न विचारता.’ ‘हिशेब कोण देणार?’ ‘आम्ही, दर तीन महिन्यांनी, याच ठिकाणी.’ शेवटचे उत्तर म्हणताना मंडळी जरा अडखळते. तिथे थांबून पुन्हा म्हणून घ्यावे. तिसऱ्या उत्तरालाही वजन आहे. आपल्या सेवेच्या बदल्यात कोणाच्या श्रद्धेची अपेक्षा नाही, हे शेजारच्या वस्तीला आपल्या तोंडून आणि मोकळेपणाने कळायला हवे. त्यातून गैरसमज टळतात आणि येणाऱ्या बाईला मान ताठ ठेवून आत येता येते.

पुढे काम करणाऱ्यांना समोर बोलवावे. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना पाठवताना उपास केला, प्रार्थना केली आणि त्यांच्यावर हात ठेवले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या १३ व्या अध्यायात आहे. म्हणून समर्पणाच्या आदल्या शुक्रवारी किंवा शनिवारी कमिटीने एक वेळचा उपास आणि तासभर प्रार्थना ठेवावी. भाषणांपेक्षा तिचा उपयोग मोठा. ज्यांच्यावर हात ठेवायचे त्यांची नावे, कामे आणि मुदत मोठ्याने वाचावी. मुदत एक वर्ष. प्रत्येकाच्या जागी दुसरा कोण, तेही वाचावे. संडे स्कूल, गायनमंडळ, तरुण संघ आणि वर शिवणवर्ग असे चार भार एकाच बाईच्या खांद्यावर असतील तर तिच्यावर पाचवा हात ठेवू नये. गणनाच्या त्याच ७ व्या अध्यायात सहा गाड्या आणि बारा बैल आले तेव्हा मोशेने निवासमंडपाचे सामान वाहणाऱ्या तीन लेवी घराण्यांपैकी दोन गाड्या गेर्षोन्यांना दिल्या, चार मरारींना, आणि कहाथ्यांना एकही नाही, कारण त्यांना पवित्र वस्तू खांद्यावरून न्यायच्या होत्या. जड सामान वाहणाऱ्यांना जास्त गाड्या मिळाल्या. साधने समान वाटली नाहीत, कामाप्रमाणे वाटली.

शेवटी समर्पणाची प्रार्थना. पाळक साहेबांनी ती आधी लिहून काढावी आणि चार मिनिटांत संपवावी. शलमोनाची ‘१ राजे’ या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायातली प्रार्थना वाचून पाहावी. आकाश, आकाशांचे आकाश तुला सामावू शकत नाही, मग मी बांधलेले हे घर काय, असे तो सुरुवातीलाच म्हणतो. पुढे तो दुष्काळ, रोग, टोळधाड अशी एकेक अडचण नाव घेऊन मांडतो. परदेशातून आलेल्या परक्यासाठीही मागतो. आपणही तसेच मागावे, ‘पट्टा तुटेल तेव्हा’, ‘शिक्षिका आजारी पडेल तेव्हा’, ‘पैसे संपतील तेव्हा’. प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद आणि मग सगळ्यांनी उठून त्या खोलीपर्यंत चालत जावे. किल्ली प्रमुखाच्या हाती द्यावी, दुसरी किल्ली सेक्रेटरींकडे, तिसरी पाकिटात बंद करून पाळकांच्या कपाटात. पाकिटावर तारीख आणि सह्या.

कोनशिलेवरून मंडळ्यांत भांडणे होतात, त्यामुळे तिच्याविषयी स्पष्टच लिहितो. ग्रॅनाइटवर दात्यांची नावे रकमेच्या क्रमाने कोरली की ते दान राहत नाही, जागेचा सौदा होतो. कोणी म्हणेल, गणना ७ मध्येही सरदारांची नावे आहेत. आहेत. पण प्रत्येकाचे अर्पण सारखेच आहे: १३० शेकेलांचे (शेकेल हे त्या काळचे वजन) चांदीचे ताट, ७० शेकेलांचा कटोरा, १० शेकेलांचे सोन्याचे धूपपात्र. बारा दिवस, बारा जणांचे, शब्दाला शब्द तेच, आणि शेवटी बेरीज, २,४०० शेकेल चांदी आणि १२० शेकेल सोने. नावे ग्रंथात नोंदली आहेत, ताटांवर कोरल्याचा उल्लेख नाही. आपणही नावे नोंदवहीत लिहावीत, पैसा-पैशासह, आणि शिलेवर फक्त कामाचे नाव, तारीख आणि एक वचन ठेवावे. ‘माझ्या वडिलांचे नाव लावाल तरच देतो’ असे म्हणणाऱ्या दात्याला नम्रपणे समजवावे. तो ऐकत नसेल तर त्याच्या रकमेविना काम लहान करावे.

समर्पित काम बंद करायला मंडळ्या घाबरतात. देवाला दिलेले परत कसे घ्यायचे, असे वाटते. त्यामुळे अर्धमेले वर्ग वर्षानुवर्षे कागदावर चालू असतात. नाशिककरांसमोर याचे उत्तर शरणपूरच्या रूपात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथे आसरा मिळाला, अक्षरओळख आणि हातकाम शिकवले गेले. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेलेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीला हात देणाऱ्यांपैकी एक असलेला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसले, गरज तिकडे होती आणि इथली अनेक माणसे तिकडे गेली. ते काम बुडाले असे कोणी म्हणत नाही. गरज सरकली, काम तिच्यामागे गेले.

म्हणून बंद करण्याचीही पद्धत ठरवावी. समर्पणाच्या ठरावातच लिहावे की तीन महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी पाहणी होईल, आणि लागोपाठ तीन महिने येणाऱ्यांची संख्या ठरलेल्या आकड्याच्या निम्म्याहून खाली गेली तर चालू ठेवायचे की थांबवायचे यावर मंडळीपुढे चर्चा होईल. थांबवायचे ठरले तर उपासनेत उपकारस्तुती करावी, त्याच पितळी ताटात किल्ल्या परत आणाव्यात, सामानाच्या यादीशी प्रत्येक वस्तू ताडून पाहावी आणि मशिनी गरजू मंडळीला किंवा शिकून गेलेल्या बायकांना ठरावाने द्याव्यात. उरलेला निधी ज्या कामासाठी दिला त्याच्या जवळच्या कामाकडे वळवावा, दात्यांना कळवून. पाळकगृहाच्या रंगकामाला नव्हे.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. यापुढे अशा समर्पणाची बातमी छापताना पाहुण्यांच्या नावांआधी चार गोष्टी छापाव्यात: काम कोणत्या वारी व वेळी चालते, पत्ता काय, शुल्क आहे की नाही, आणि चौकशी कोणत्या पदाच्या व्यक्तीकडे करावी. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून संध्याकाळी सुटणाऱ्या माणसाला आपल्या मुलीला अभ्यासिकेत घालायचे असेल तर त्याला पाहुण्यांच्या यादीचा उपयोग नाही. बातमी पाठवणाऱ्या मंडळीने ही माहिती दिली नसेल तर ती मागून घ्यावी आणि मिळेपर्यंत बातमी थांबवावी.

आपले,
मंडळीच्या कामकाजात असलेले काही सभासद,
शरणपूर रोड, नाशिक